भुकेचा कौल

कोकणातल्या देवळात गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली म्हणजे देवाने कौल दिला असे मानून माणसे समाधानाने घरी परततात. निवडणुकीच्या निकालालाही आपण हाच शब्द लावतो. पण हा कौल देणाऱ्या जनतारूपी देवाचे पोटच रिकामे असेल, तर त्याच्या कौलाला नैतिक मोल कितपत द्यावे?

१९७१ साली ‘गरिबी हटाव’ या घोषणेवर इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या आणि जानेवारी १९८० मध्ये, कांद्याच्या महागाईचे गाऱ्हाणे घरोघर पोहोचलेले असताना, त्यांनीच पुन्हा ३५३ जागा जिंकल्या. तेव्हा चार पुरुषार्थांपैकी अर्थ तेवढा मतपेटीत शिरतो आणि धर्म दाराबाहेर राहतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु या दोहोंच्या मध्ये १९७७ साल उभे आहे. १९७४ मधील भडका ओसरून आणीबाणीच्या पहिल्या वर्षात घाऊक भाव उतरले होते, आणि केवळ पोटाचा जमाखर्च मांडायचा असता तर रयतेने तोच अंमल पुढे चालू ठेवला असता. पण सक्तीच्या नसबंदीचे फर्मान उत्तरेतल्या ज्या खेड्यापाड्यांत पोहोचले, तिथे सत्ताधारी पक्ष वाहून गेला, खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या, आणि हा जाच जिथे कमी होता त्या दक्षिणेत मात्र तोच पक्ष तगून राहिला.

भाजीच्या पाटीपुढे थबकून, पदराच्या गाठीतली नाणी दोनदा मोजून, अखेर दोनच कांदे उचलणारी गृहिणीही नुसता भाव पाहत नसते. तो कोणाच्या गाफीलपणाने चढला, याचा मनाशी निवाडा करीत असते. पाऊस पडला नाही, हे ती दैवावर घालते, साठेबाजी सरकारवर. मग तिच्या मताला स्वार्थ म्हणावे की न्यायबुद्धी?

मात्र हा निवाडा करण्यासही थोडी उसंत लागते. राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता, तो यासाठीच: ज्याची उद्याची मजुरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, त्याचे मत त्याच्या मालकीचे राहणे कठीण. मतदाराला उपाशी ठेवून वर त्याच्या विवेकाची परीक्षा घेणे, हा न्याय नव्हे.