मिठाला आत नसतं

उद्दालकाने श्वेतकेतूला रात्री पाण्यात मीठ टाकून ठेवायला सांगितलं, पण किती पाण्यात किती मीठ, हे काही सांगितलं नाही. आमच्या लॅबमध्ये असं चालत नसे. ठाण्यातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलची तयारी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सकाळी आल्याबरोबर पहिलं काम सलाईन करायचं: ०.८५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ८५० मिलिग्रॅम मीठ. हे ज्याला तोंडपाठ नाही, त्याला मी काट्याजवळ फिरकू द्यायची नाही.

आता निवृत्तीनंतर गुरुवारी उपनिषदांच्या वर्गाला जाते. साईमंदिरातली आरती आटोपली की आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीत तो भरतो. शिकवणारे सर बँकेत होते, संस्कृत उत्तम. छांदोग्याचा सहावा अध्याय झाला, मग बृहदारण्यक लागलं, आणि दोन्हीकडे मीठ निघालं. श्वेतकेतू सकाळी मीठ शोधतो, सापडत नाही. वडील वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला लावतात, तर सगळीकडे खारट. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो, सैंधवाचा खडा पाण्यात पडला की उचलून परत काढता येत नाही, तसंच आत्म्याचं. शिवाय तुकोबांच्या अभंगातलं मीठ आहे, रामकृष्णांची समुद्राची खोली मोजायला निघालेली मिठाची बाहुली आहे. ‘‘विरून जायचं, बस्स. मी-तूपण उरतच नाही,’’ सर म्हणाले, आणि सगळ्यांनी सुखाने माना डोलावल्या. माझी काही हलेना.

कारण विरून जाणं मी डोळ्यांनी पाहिलंय, दरवर्षी, नव्या बॅचबरोबर. तीन टेस्ट ट्यूब घ्यायच्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत सलाईन, तिसरीत पाच टक्के मिठाचं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा एकेक थेंब. जरा वेळाने ट्यूबमागे वर्तमानपत्र धरायचं. सलाईनची ट्यूब गढूळ, मागचा मथळासुद्धा धड लागत नाही. डिस्टिल्ड वॉटरची मात्र डाळिंबाच्या सरबतासारखी नितळ. छोट्या जाहिरातीही वाचून घ्या. मुलांना हमखास वाटतं, हीच ट्यूब चांगली. मग सांगावं लागायचं की बाबांनो, हिच्यात एकही पेशी धड उरलेली नाही. बाहेर मीठ नाही, आत क्षार आहेत. पाणी आत घुसत राहतं, पेशी फुगते, फुटते, हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. तो गढूळपणा होता ना, तोच पेशींचा असण्याचा पुरावा. तिसऱ्या ट्यूबमध्ये उलटं, पाणी बाहेर ओढलं जाऊन पेशी आकसतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते याच कारणाने.

हा नुसता पोरांचा खेळ नाही. ०.३६ टक्के सलाईनमध्ये रक्त घालून ट्यूबमागे काळी रेघ धरतात, थॅलेसेमियाच्या वाहकांची पहिली चाळणी अशी होते. एरवीच्या पेशी फुटून रेघ स्वच्छ दिसते; वाहकाच्या पुष्कळ पेशी टिकतात आणि रेघ पुसट राहते. सिंधी समाजात वाहक जास्त, आणि उल्हासनगर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे ठाण्यात हा विषय पुस्तकी नाही. गंमत म्हणजे टिकणारी पेशी दणकट नसते, ती मुळात कमी भरलेली असते, म्हणून फुगायला तिच्यात जागा जास्त. यावर एखादा कीर्तनकार तासभर बोलेल. मी पुढे जाते.

दह्यातले जिवाणू मोजायचे तर दही पातळ करत न्यायचं. एक मिलिलिटर दही, नऊ मिलिलिटर सलाईन; त्यातलं एक घेऊन पुन्हा नऊत; असं पाचव्या ट्यूबपर्यंत. तोवर मूळ दही लाखपट पातळ झालेलं असतं, दिसायला निव्वळ पाणी. त्यातलं ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरायचं, प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, मग वाढलेले ठिपके मोजायचे. ते १४२ निघाले तर १४२ गुणिले एक लाख, भागिले ०.१, म्हणजे मिलिलिटरला १४ कोटी २० लाख. ३० ते ३०० ठिपक्यांची प्लेट धरायची, बाकीच्या बाजूला. गणितात मुलं शून्यं गाळायची, ते असो. मला आश्चर्य वाटत आलंय ते त्या ठिपक्यांचं. लाखपट पाण्यात हरवलेला जीव, पण तो लाखांश होत नाही. कुठल्या तरी थेंबात तो अख्खा असतो, नाहीतर नसतो. अर्धा जिवाणू ठिपका धरत नाही. श्वेतकेतूच्या मिठाचं तसं नाही; ते पातळ होत होत जिभेला कळेनासं होतं आणि त्याचं काहीच बिघडत नाही. मीठ तोलायचं असतं, जीव मोजायचे असतात.

सलाईनमध्ये पेशी शाबूत राहते, म्हणजे आतबाहेर सगळं सारखं, असं मुलं जर्नलमध्ये लिहून मोकळी व्हायची. बेरीज सारखी असते, पण माल निराळा असतो. शरीरात लाल पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, बाहेरच्या रक्तद्रवात बरोबर उलट. हा फरक फुकट टिकत नाही. पेशीच्या आवरणातला पंप एटीपीचा एकेक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये त्याचा छडा लावला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. ब्लड बँकेच्या फ्रिजमध्ये, २ ते ६ अंशांत, हा पंप थंडावतो आणि पोटॅशियम दिवसागणिक बाहेर झिरपतं. पिशवी बघायला तीच असते. आत मात्र ज्याला आपण समत्व म्हणून हात जोडतो, ते हळूहळू येत असतं. पूर्ण समत्व मेलेल्या पेशीलाच लाभतं.

खडा परत मिळत नाही हेही मला पटेना. भांडुप-कांजूरच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय केलं? खाडीचं पाणी घेतलं, उन्हात आटवलं, मीठ ओढलं. तोच खडा नसेल, पण मीठ तेच. माझ्या त्या डाळिंबी ट्यूबमधलं पाणी कितीही आटवा, पेशी मिळणार नाही. तर वर्गात मी हात वर केला. ‘‘सर, मिठाला आत नसतं. खडा फोडा, जे वर तेच मध्ये. त्याचं विरघळून काय जातं? ज्याला आत आहे, त्याला हा दृष्टांत कसा लावायचा?’’

सर रागावले नाहीत. ‘‘ताई, बृहदारण्यकातला हाच संवाद चौथ्या अध्यायात पुन्हा आलाय. तो वाचून या.’’

वाचला, आणि थक्क झाले. तिथे मीठ आहे, पण पाणी नाही. याज्ञवल्क्य म्हणतो, सैंधवाचा खडा जसा आत नाही, बाहेर नाही, नुसता रसच रस, तसा आत्मा. माझी शंका त्याच्या लेखी शंकाच नव्हती. मिठाला आत नसतं म्हणूनच त्याने मीठ निवडलं होतं. मग मला वाटतं, तो काय कबूल करतो ते नीट ऐकायला हवं. ज्याला आतबाहेर नाही त्याला नाश नाही, एवढंच. माझं चिडणं, गेलेल्या माणसांच्या आठवणी, काट्याजवळचा माझा दरारा, हे सगळं पंपाच्या जिवावर चाललेलं खातं आहे. त्याची हमी त्याने घेतलेली नाही. गेल्यावर संज्ञा उरत नाही, असं तो स्वच्छ म्हणतो. वर्गात माना डोलल्या त्या बहुधा ही हमी आपल्यालाही आहे, अशा समजुतीने.

मैत्रेयीने मात्र बरोबर ऐकलं. हे सांगून तुम्ही मला गोंधळात टाकलंत, असं ती नवऱ्याला तोंडावर सांगते, दोन्ही अध्यायांत. ग्रंथ जपणाऱ्यांनी ते गाळलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तो उत्तर देतो की दुसरं असतं तोवर एक दुसऱ्याला पाहतो. सगळं आत्माच झाल्यावर कोण कशाने कोणाला पाहणार? चौथ्या अध्यायात एवढं बोलून याज्ञवल्क्य निघून जातो. मैत्रेयी पटलं असं म्हणत नाही.