रस्त्याचा हक्क

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांचा विचार करताना वसतिगृहे डोळ्यांपुढे आणून चालत नाही. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर येथे शिकणाऱ्या कितीतरी मुली सकाळी खेड्यातून एसटीने येतात व सायंकाळी एसटीनेच परततात. फाटा, बसस्थानक, दाटीची बस हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. या वाटेवर त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमावलीने महाविद्यालयाच्या परिसरात संस्थेने पुरविलेल्या वाहनालाही धरले आहे. परंतु आपली मुलगी संस्थेच्या वाहनाने जातच नाही. उरलेली वाट समाजाची आहे.

आणि समाज काय करतो? छेडछाडीची कुणकुण लागताच मुलीचे नाव महाविद्यालयातून काढले जाते. छेडणारा फाट्यावर मोकळा, मुलगी घरात बंद! कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे दिव्य कुरआन सांगतो. येथे मात्र अपराध्याचे ओझे निरपराध मुलीच्या माथी येते. याला परदा म्हणणे हा परद्याचा अवमान आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात नमाजसाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत अत्याचार झाला. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. ती घराबाहेर का पडली, असे प्रेषितांनी विचारल्याचे त्यात कोठेही नाही. अल्लाहने तुला क्षमा केली आहे, असे सांगून त्यांनी तिला निर्धास्तपणे जाऊ दिले. याउलट, लाखांदूरपासून जवळच असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असे धरून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोघा पोलिसांना सोडून दिले. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. भयाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे समजायला इतका काळ लागला.

सूरह अन्-नूरमध्ये नजर झुकविण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपल्या घरांतील उपदेशाचा क्रम नेमका उलटा असतो. रस्त्यावर बसणे टळत नसेल तर रस्त्याचा हक्क द्या, असे प्रेषितांनी सहकाऱ्यांना बजावले होते. नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे आणि वाइटापासून रोखणे हे त्या हक्कात येते. पानटपरीवर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला हे कोणी सांगितले आहे काय? मित्राने शेरा मारला तेव्हा तो हसला की त्याने रोखले, हेही विचारले पाहिजे.

प्रवेशाच्या वेळी पालकांनी शुल्काबरोबर अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावेही विचारावीत. तक्रारीची मुदत साधारणतः तीन महिन्यांची असते. बोललो तर शिक्षण सुटेल, या धास्तीत असलेल्या मुलीचे ते तीन महिने मौनातच निघून जातात.