आयुष्याचे गणित

बारावीचा निकाल लागला की लालबाग-परळच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : पुढे काय? गणितात हुशार असलेल्या मुलीने विमागणितशास्त्र शिकावे, असे कुणी सुचविले की आम्ही पालक पगाराची चौकशी करतो. माणसांच्या आयुर्मानाचा हिशेब मांडून हप्ता ठरविण्याचे हे काम मनाला पटते का, हे मात्र आम्ही तिला विचारीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकात परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचे आयुष्य कमी भरवशाचे मानून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने त्याचा विमा सर्वसाधारण दराने उतरविला. गणित तेच होते. माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

एकाचा मृत्यू कुणालाच वर्तविता येत नाही. हजारोंचा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजाच्या आधारेच अनेकांच्या लहान हप्त्यांतून चाळीतल्या एखाद्या विधवेची चूल पेटती राहते. एकाचा भार अनेकांनी उचलणे, हे त्या कोष्टकांचे मर्म आहे.

विद्यापीठाची पदवी मिळाली तरी पुढे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या कठीण परीक्षा उरतातच. केवळ पैशाच्या ओढीवर इतकी वाट चालवत नाही. मन साशंक असेल तर संख्याशास्त्राची पदवी घ्यावी. या परीक्षांचे दार नंतरही उघडे असते. परंतु जिला आकड्यामागचे घर दिसते, तिला आम्ही निःशंकपणे म्हणू : बाळ, हेच शीक.