धर्माची गाय

गेल्या दिवाळीतली गोष्ट. मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यापासून त्याची गिअरची सायकल पडवीत उभी होती. तिच्या पुढच्या टायरच्या कुशीला बोटभर चीर पडली होती. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने जाताना एका धारदार दगडाने हा प्रताप केला होता.

आमच्या लासुर्ण्यात पंक्चरचे कुणाला कौतुक नाही. बाभळीचा काटा रुततो, ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडे येतील तिथे ठिगळ लावायचे, की झाले! पण ही चीर पाहून दुकानातले म्हातारबाबा गंभीर झाले.

"गुरुजी, रस्त्याला घासतो तो भाग जाड असतो. कुशीला रबर नावापुरतंच. हवेचा सारा जोर आतल्या दोऱ्यांवर. ते तुटले की ट्यूब चिरेतून फुग्यासारखी बाहेर येती."

त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याने चीर शिवली. जुन्या टायरचा तुकडा चिरेपेक्षा चहूबाजूंनी मोठा कापला, ट्यूबला काचू नये म्हणून त्याच्या कडा घासून पातळ केल्या आणि तो आतून बसवला. मग तो टायर मागच्या चाकाला चढवला व मागचा पुढे आणला. म्हणाले, "मागचं फुटलं तर माणूस सावरतो, पुढचं फुटलं तर तोंडावर येतो. हवा बेतानं भरा, अन् जमंल तेव्हा नवा टायर घाला."

पाडव्याला ती सायकल मी माझ्या एका विद्यार्थ्याला दिली. तो लांबच्या वस्तीवरून पायी शाळेत येई. त्याच्या आईचे डोळे भरून आले. मी धन्य झालो. आणि म्हातारबाबांचे शब्द माझ्या ओठांवरच राहिले.

पुढे काय झाले ते सहज कळण्यासारखे आहे. पोरगा हुशार. पुढच्या टायरची नक्षी झिजलेली, मागच्याची चांगली, हे त्याने पाहिले आणि शहाणपणाने दोन्हींची अदलाबदल केली. हवाही टच्च भरली. उसाचा हंगाम चालू होता. बारामती-इंदापूर रस्त्यावर तो टायर फुटला आणि पोर तोंडावर आपटले. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून हनुवटीच्या तीन टाक्यांवर निभावले.

मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, माझंच चुकलं. मी टायर बदलायला नको होते." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

मी का बोललो नाही? विसरलो म्हणावे, तर ते खरे नाही. 'डागडुजी केलेली वस्तू दिली' असे त्या माउलीला वाटू नये, म्हणून गप्प बसलो, असे मी स्वतःला सांगून पाहिले. त्यातही अर्धेच सत्य आहे. खरे म्हणजे मला माझ्या दानाची झळाळी कमी करायची नव्हती. ती सायकल माझाच मुलगा घेऊन निघाला असता, तर मी त्याला तेच वाक्य दहा वेळा ऐकवले असते.

हवेच्या टायरचे पेटंट 1888 साली जॉन बॉइड डनलॉपने घेतले. बेलफास्टमधल्या या पशुवैद्याने तो टायर प्रथम आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला होता. पोराला धक्के बसू नयेत, एवढीच बापाची काळजी. ती काळजी माझ्या देण्यात नव्हती.

'धर्माची गाय आणि दात का नाय?' असे आपण घेणाऱ्याला हिणवतो. फुकट मिळाले ना, मग दात मोजू नकोस! पण म्हणूनच ते देणाऱ्याने मोजायला नकोत का? विकत घेणारा चार प्रश्न विचारतो, घासाघीस करतो. दान घेणाऱ्याचे तोंड उपकाराने आधीच बंद झालेले असते. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, ही देणाऱ्याचीच जबाबदारी.

म्हातारबाबांची दुरुस्ती खोटी नव्हती. त्यांनी तुकडा लावला आणि त्याची मर्यादाही सांगितली; दोन्ही मिळून ते काम पुरे झाले होते. मी त्यातले अर्धेच पुढे दिले.

नवा टायर मी दुसऱ्याच दिवशी आणून दिला. यंदाही आवराआवर चालली आहे. एक टेबलफॅन कुणाला तरी द्यायचा आहे. तो चांगला चालतो, पण त्याची जाळी सैल आहे. देताना हे आधी सांगणार आहे. थोडे ओशाळल्यासारखे होईल, होऊ दे.