दुरुस्ती आणि वकिली

दुसऱ्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार मनुष्यास कशानें प्राप्त होतो? वकिलास तो वकीलपत्रानें मिळतो, लोकप्रतिनिधीस मतपेटींतून मिळतो. परंतु ज्यास कोणीं वकीलपत्रहि दिलें नाहीं आणि मतहि दिलें नाहीं, असा सुशिक्षित गृहस्थ जेव्हां गरिबांच्या हिताकरितां अर्ज लिहावयास बसतो, तेव्हां त्याच्या लेखणीमागें कोणता अधिकार उभा असतो? हा प्रश्न आमच्यापुढें एका सायकलीच्या निमित्तानें आला. इतक्या क्षुल्लक वस्तूपासून नीतिविचाराकडे वळल्याबद्दल वाचक आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे.

सुमारें सात वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शहरांतील कांहीं समवयस्क गृहस्थांनीं, म्हणजे वैद्यांच्या सल्ल्यानें सकाळीं सायकलीवर बसूं लागलेल्यांनीं, एक लहानसें मंडळ काढलें. रस्त्यांच्या कडेला सायकलींसाठीं स्वतंत्र पट्टा असावा, अशा मागणीचा अर्ज लिहिण्याचें काम, इंग्रजीचे अध्यापक म्हणून, अर्थातच आमच्याकडे आलें. अर्ज चांगला वठला होता हें आम्ही आजहि नाकारीत नाहीं. त्यांत कोपनहेगन होतें, ॲम्स्टरडॅम होतें, आणि 'श्रमजीवी सायकलस्वार' हा शब्दप्रयोग तर चार वेळां आला होता. अर्जावर त्रेपन्न सह्या झाल्या. त्यांत श्रमजीवी सायकलस्वार एकहि नव्हता, ही गोष्ट त्या वेळीं आमच्या ध्यानांतहि आली नाहीं.

त्याच सुमारास मंडळानें आमच्या महाविद्यालयांतील एका शिपायास नवी सायकल भेट दिली. हा गृहस्थ रोज जाऊन-येऊन वीसएक किलोमीटर मजल एका गंजलेल्या सायकलीवर मारीत असे. नवी सायकल गियरची होती, झकपक होती. हार झाला, छायाचित्र झालें, चार शब्द आम्हीहि बोललों. चार महिन्यांनीं पाहतों तों स्वारी पुन्हां जुन्याच सायकलीवर! विचारतां तो संकोचानें म्हणाला, "सर, गियरची तार सुटली. आमच्याकडच्या सायकलवाल्याला ती बसवतां येईना. मोठ्या दुकानांत नेली, तर त्यांनीं सांगितलेला आंकडा ऐकून परत आणली. पण काळजी करूं नका, तुमची वस्तु नीट झांकून ठेवली आहे."

'तुमची वस्तु' हे दोन शब्द आमच्या मनांत रुतून बसले. दान देऊन चार महिने लोटले, छायाचित्रहि जुनें झालें, आणि वस्तु अद्यापि आमचीच होती!

दानाची सायकल घेणाऱ्याची कां होत नाहीं, ह्याची साक्ष इतरत्रहि मिळते. ॲम्स्टरडॅम येथें 1965 सालीं 'प्रोव्हो' नांवाच्या तरुणांच्या बंडखोर पंथानें पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलूप न लावतां रस्त्यावर सोडल्या. ज्यानें त्यानें घ्यावी, हवें तेथें जावें, आणि पुढच्यासाठीं ठेवून द्यावी. सायकलीस कुलूप नसणें हाच तेथील कायद्यानें दोष असल्यामुळें पोलिसांनीं त्या उचलून नेल्या. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं 1994 सालीं पिवळ्या सायकलींचा तोच प्रयोग झाला. तेथें पोलिसांची गरज पडली नाहीं, बहुतेक सायकली थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा नाहींशा झाल्या. परंतु त्याच शहरीं, त्याच वर्षीं, दुसरें एक बीं पेरलें गेलें. मुलांस सायकल चालविण्याचें व दुरुस्त करण्याचें शिक्षण देणारें एक सार्वजनिक केंद्र निघालें, आणि तें टिकलें. फ्रान्समधील ग्रेनोबल येथेंहि 1994 मध्येंच अशी कर्मशाळा निघाली, आणि पुढें 2010 मध्यें त्या देशांतील अशा शाळांचा संघ स्थापन झाला.

ह्या कर्मशाळांचें मर्म काय, तें लॉस एंजेलिस येथील उदाहरणावरून चांगलें कळतें. 2002 सालच्या सुमारास तेथील 'ईको-व्हिलेज' वसाहतींतील एका स्वयंपाकघरांत कांहीं मित्र जमून सायकली दुरुस्त करूं लागले. म्हणून संस्थेचें नांवच 'बायसिकल किचन' पडलें, आणि तेथें काम करणारे स्वयंसेवक स्वतःस 'स्वयंपाकी' म्हणवितात. हा स्वयंपाकी मात्र पाहुण्यास वाढीत नाहीं. तो पाहुण्याकडूनच रांधवून घेतो. चेन तुटलेला मनुष्य आला कीं सायकल घोड्यावर टांगावयाची, पाना त्याच्याच हातीं द्यावयाचा, आणि आपण शेजारीं उभें राहून सांगावयाचें. ज्यास काम येतें त्यास हात मागें घेऊन उभें राहणें किती कठीण जातें, हें कोणत्याहि शिक्षकास विचारावें. जें दोन मिनिटांत होईल त्यास अर्धा तास लागतो. आणि त्या अर्ध्या तासासाठींच ती शाळा असते. पुष्कळ ठिकाणीं मुलानें ठराविक तास काम केलें म्हणजे टाकाऊ भागांतून स्वतः जुळविलेली सायकल त्याच्या मालकीची होते. कित्येक ठिकाणीं आठवड्यांतील एक संध्याकाळ केवळ स्त्रियांसाठीं राखलेली असते, कारण पाना हातीं घेण्याची पुरुषांची घाई सर्व देशांत सारखीच आहे.

इव्हान इलिच ह्या विचारवंतानें 1974 मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत सायकलीची थोरवी शक्तीच्या हिशेबानें मांडली: पायीं चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेग, आणि शक्तीचा व्यय त्याच्या एक-पंचमांश. हा हिशेब सुंदर आहे. परंतु आमच्या शिपायाच्या घरीं झांकून ठेवलेल्या सायकलीचा वेग शून्य होता. यंत्र मनुष्यास स्वतंत्र करतें तें त्याच्या गतीमुळें नव्हे, तर बिघडल्यावर तें आपल्या हातून सुधारतें ह्यामुळें, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे.

येथें एक आक्षेप आम्हीच घेतों. शिकविणें हाहि उपकाराचाच एक प्रकार नव्हे काय? आमचा तर तो व्यवसाय आहे, आणि व्यासपीठाची उंची मनुष्याच्या मनांत किती लौकर शिरते हें आम्ही जाणतों. परंतु कर्मशाळेंत एक गोष्ट निराळी घडते. पाना कोणीं कसा धरावा हें स्वयंपाक्यास ठाऊक असतें खरें. पण कोणत्या चौकांत मोटारी दाबतात, कोणत्या वाटेवर पहांटे कुत्रीं मागें लागतात, पाळी सुटल्यावर कोणता रस्ता काळोखा असतो, हें सारें दुसऱ्यालाच ठाऊक असतें. हात तेलकट झाले असतां मनुष्यें बोलतात. अर्ध्या तासांत गुरु आणि शिष्य ह्यांच्या जागा दोनदां तरी बदलतात.

वकिलीचा अधिकार येथें उगवतो, असें आमचें मत आहे. दुःख भोगल्यानेंहि तो मिळतो, हें निर्विवाद आहे. नेदरलंड्समध्यें 1971 ह्या एका वर्षांत चारशेंहून अधिक मुलें रस्त्यांवरील अपघातांत दगावलीं, तेव्हां 'मुलांची हत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली; तिच्यांतील आईबापांस कोणाचेंहि वकीलपत्र नको होतें. पण ज्यानें दुःख भोगलें नाहीं, त्यानें गप्पच बसावें काय? त्यानें आधीं शेजारीं उभें राहावें. लॉस एंजेलिसमध्यें स्पॅनिश बोलणारे हजारों मजूर नाइलाजानें सायकल चालवीत. सायकलस्वारांच्या सभांना ते येत नसत, म्हणून सभांच्या लेखीं ते नव्हतेच. त्यांना 'अदृश्य सायकलस्वार' असें नांव पडलें. 2009 सालीं तेथील कांहीं कार्यकर्ते त्यांच्याकडे गेले तेव्हां त्यांनीं बरोबर मागण्यांचा मसुदा नेला नाहीं; सायकलीला लावावयाचे दिवे नेले, आणि दुरुस्तीची विद्या नेली. मागण्या नंतर झाल्या.

ह्याच्या उलट, कर्मशाळेसहि एक गुंगी येऊं शकते. आज अकरा सायकली चालत्या केल्या, असें समाधान घेऊन मनुष्य घरीं जातो, आणि बाहेरचा रस्ता होता तसाच राहतो. किंबहुना अकरा माणसें आपण त्या रस्त्यावर अधिक पाठविलीं. चाक सरळ करून, ब्रेक ओढून पाहून, एखाद्या बारा वर्षांच्या मुलास आपण 'जा' म्हणतों. त्या 'जा' शब्दाची जबाबदारी दारापाशीं संपते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें सायकल हातीं दिली त्यास रस्त्याविषयीं मुकें राहतां येत नाहीं. मुकें राहिल्यास त्यानें दुरुस्तीहि केली नसती तर बरें, इतपत कठोर बोलावयास आम्ही तयार आहों.

आपल्याकडे अशा शाळा नव्यानें काढाव्या काय? थोडा विचार करावा लागेल. तेथें दुरुस्तीची मजुरी भारी, आणि जुन्या सायकली उकिरड्यावर जात; म्हणून ती रचना जन्मली. आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचें पोट पंक्चरावर चालतें. त्याच्या शेजारीं फुकट दुकान मांडणें हें पुण्यकर्म नव्हे. शिवाय त्याचें दुकान ही आमच्या लहानपणीं शाळाच होती. तासावर भाड्यानें सायकल घेऊन, गुडघे फोडून घेऊन, परत करतांना पाना मागून सीट खालीं करणारीं मुलें आम्हीच होतों. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभहि 1888 सालीं बेळगांवांतील सायकलीच्या दुकानांतच झाला, आणि विमानकर्ते राइट बंधूहि मूळचे सायकलवालेच. तेव्हां ह्या विद्यापीठास कमी लेखण्याचें कारण नाहीं.

म्हणून एका रविवारीं आम्ही त्या शिपायाबरोबर त्याच्या वस्तींतील सायकलवाल्याकडे गेलों. दूरच्या प्रवासास सायकलीवर जाणारा आमचा एक विद्यार्थी बरोबर होता. त्यानें तार बसवून दाखविली, मग काढून टाकली. सायकलवाल्यानें ती बसविली, पुन्हां काढली. शेवटीं शिपायानें स्वतः बसविली. सर्वांत अधिक वेळ आम्हांस लागला. मग तेथेंच फळीवर बसून आम्ही तो अर्ज मराठींत वाचून दाखविला. सायकलवाल्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलें, "पट्टा चांगलाच आहे, सर. पण रात्रीं पाळी सुटते तेव्हां पुलाखालीं दिवे नसतात. त्याचें कांहीं लिहिलें आहे कां?"

लिहिलें नव्हतें. दुसरा अर्ज दोन पानांचा झाला. त्यांत कोपनहेगन नाहीं. सह्या एकतीस, त्यांत तीन आंगठे. पट्टा अद्यापि झालेला नाहीं. पुलाखालीं चार महिन्यांनीं दोन दिवे लागले; त्यांपैकीं एक सध्यां बंद आहे, आणि त्याविषयींचा तिसरा अर्ज सायकलवाल्यानें स्वतः लिहून आमच्याकडे केवळ शुद्धलेखन पाहण्यासाठीं पाठविला आहे.