अभंगातला ‘मी’ कोण?

पस्तीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावी सप्ताहात नाथमहाराजांचे रोडग्याचे भारूड मी निरूपणास घेतले. आपणां सर्वांस ते पाठच आहे. सासुरवाशीण भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय, तर सासरा, सासू, जाऊ, दादला, एकेकाचा निकाल लाव आणि मला मोकळी कर. मी तेव्हा तरुण. सुनेची नक्कल करून लोकांना पोट धरधरून हसवलं. कीर्तन आटोपलं, मंडळी पाया पडून गेली, एक म्हातारी मागे राहिली. म्हणाली, “महाराज, आमची सून रोज हेच म्हणते. आता नाथबाबाबी सासू मरावी म्हणत्यात, तर मी कुणाच्या पाया पडू?” “अहो आजी, ते गमतीचं असतं,” असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागली नाही.

शास्त्र शिकलो नव्हतो असे नव्हे. पाठशाळेत काव्यप्रकाश झाला होता. शब्दाच्या पलीकडचा अर्थ कशाकशाने उमगतो, याची यादी मम्मटाचार्य देतात, तीत पहिला वक्ता आणि दुसरा बोद्धव्य. म्हणजे बोलतो कोण आणि कोणाला. सूर्य मावळला, एवढेच वाक्य घ्या. गुराखी म्हणाला तर गुरे वळवा, दुकानदार म्हणाला तर माल आवरा, संध्या करणारा म्हणाला तर पळी-पंचपात्र काढा. शिवाय कवी वेगळा आणि कवीने पुढे उभा केलेला वक्ता वेगळा, हा भेदही आचार्यांनी स्पष्ट केला आहे. परीक्षेत हे सगळे लिहिले, आणि नारदाच्या गादीवर उभा राहताच विसरलो!

रोडगा मागणारे नाथ नव्हेत, प्रपंचाने गांजलेला जीव आहे. सासू म्हणजे वासना की कल्पना, या वादात मी शिरत नाही. पण शेवट पाहावा. सगळे गेल्यावर ती एकली राहू मागते, आणि तिथेच ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते. एका आणि एकली शेजारी शेजारी! तोवर सून बोलत होती, मुद्रेपाशी सोंगामागून नाथ डोकावतात.

माउलींच्या विरहिणी घ्या. कांतासाठी तळमळणारी स्त्री बोलते आहे. रचणारा कोण, तर शके 1218 मध्ये कोवळ्या वयात समाधिस्थ झालेला ब्रह्मचारी योगी. आणि मुद्रा कोणती? ‘बापरखुमादेवीवरु’! जो वर कांत, तोच मुद्रेत बाप. यातून कवीचे चरित्र काढू पाहणारे विद्वान इथे अडकतात. अडकू द्यावे. पण सोंग म्हणजे खोटे, असेही कोणी समजू नये; ती तळमळ उसनी असती तर सातशे वर्षे टिकली नसती.

गीतेतही हीच चूक होते, आणि ती साधी नाही. सातशे श्लोकांत भगवंतांचे 574, अर्जुनाचे 84, संजयाचे 41 आणि धृतराष्ट्राचा 1, अशी गणती रूढ आहे. पहिल्या अध्यायात कुलक्षयाने स्त्रिया बिघडतात असे म्हणणारा अर्जुन आहे. गांडीव गळून पडलेला, भांबावलेला अर्जुन. ते भगवद्वचन म्हणून लेकी-सुनांना सुनावणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या बायकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. देवापुढे कोण बोलणार?

तुकोबारायांचे तसे नाही. पतितपणाची कबुली देताना मध्ये सोंग नाही. ‘मी’ त्यांचा, मुद्राही त्यांची. पण बोद्धव्य पांडुरंग आहे. शेजाऱ्याला सांगितलेली ती हकीकत नव्हे, म्हणून तिच्यावरून त्यांच्या पापांची मोजदाद करू नये. आणि तोच अभंग मी गायलो म्हणजे? तिथे आणखी एक ‘मी’ येतो, आणि तोच अवघड. एकदा असाच अभंग डोळ्यांत पाणी आणून गायलो. खाली उतरताच एका टाळकऱ्याने एकांतात, हात जोडून सांगितलं, “महाराज, दुसऱ्या चरणात शब्द चुकला.” मी त्याच्यावर असा भडकलो की विणेकऱ्याने मध्ये पडावं लागलं. घटकेपूर्वी हजार माणसांत स्वतःला सर्वांहून हीन म्हणवून घेणारा तो कोण होता? तुकोबांच्या ‘मी’मागे मी खुशाल दडून बसलो होतो.

असो. दोन वर्षांनी त्या पहिल्या गावी पुन्हा जाणे झाले. म्हातारीचे घर विचारत गेलो, ओसरीवर बसलो आणि भारुडाचा अर्थ नीट उलगडून सांगितला: जीव कोण, सासू कोण, मुद्रा कुठे येते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “असंल महाराज, तसंच असंल. पर त्या दिवशी तुमी आवाज माझ्या सुनंचाच काढला हुता.”