रणवाद्य, हलक्या हातानं

आपला गायक ज्याला पांढरी दोन म्हणतो, तोच पाश्चात्त्यांचा डी. पण भूप पांढरी दोनमध्ये गायला काय किंवा काळी एकमध्ये, तो भूपच राहतो. पट्टी गळ्याच्या सोयीची, भाव रागाचा. युरोपात मात्र पट्टीलाच स्वभाव असतो असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. जर्मन संगीतलेखक योहान माटेसोननं १७१३ मध्ये एकेका पट्टीचा स्वभाव लिहून काढला. डी मेजर ही त्याच्या लेखी तीक्ष्ण, हट्टी, जल्लोषाला आणि युद्धाला साजेशी पट्टी. जर्मन लेखक शूबार्टचं संगीतसौंदर्यावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये छापलं गेलं. त्यातही डी मेजर विजयाची, हालेलूयाची आणि रणघोषाची ठरली.

अशा याद्या मला पटत नाहीत, पण त्या बिनबुडाच्याही नाहीत. त्यांचं मूळ वाद्यांत आहे. त्या काळच्या ट्रम्पेटला झडपा नव्हत्या. त्यातून ठरावीक स्वरच निघत आणि अशी कितीतरी ट्रम्पेटं डीमध्ये घडवलेली असत. सोबतच्या टिंपनीच्या जोडीतला एक नगारा डीला, दुसरा ए-ला मिळवायचा. म्हणजे आपल्या भाषेत षड्ज-पंचम. सैन्याची, दरबाराची, चर्चमधल्या विजयगीतांची ही वाद्यं डीमध्ये वाजत राहिली आणि लोकांच्या कानात त्या पट्टीला पराक्रमाचा रंग चढला. हँडेलच्या ‘मसीहा’मधला हालेलूयाही डी मेजरमध्येच आहे.

व्हायोलिनचं कारण याहून खोल आहे. त्याच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डीला षड्ज मानला तर त्या म, सा, प, रे होतात. शेजारच्या तारेवर षड्ज किंवा पंचम अचूक लागला की मोकळी तार तरफेसारखी आपोआप झंकारते. आपले व्हायोलिनवादक तारा षड्ज-पंचमात मिळवतात, त्यांना हे सुख वेगळं सांगायला नको. तेच ई फ्लॅट घेतला तर मोकळ्या तारांत सा नाही आणि पही नाही. आवाज थोडा मिटतो. मोझार्टनं १७७९ च्या सुमारास व्हायोलिन आणि व्हियोला यांच्यासाठी ई फ्लॅटमध्ये सिन्फोनिया कन्चेर्टांते लिहिली. त्यात व्हियोलाच्या तारा अर्ध्या स्वरानं चढवून वादकासमोर डी मेजरचीच स्वरलिपी ठेवली, आणि त्या मंद वाद्याला उजळपणा दिला. पट्टीचा स्वभाव असा लाकडात आणि तारेत असतो. म्हणूनच ब्राम्स आणि चायकोव्हस्की या दोघांनीही १८७८ मध्ये व्हायोलिन कन्चेर्टो लिहायला घेतला तेव्हा डी मेजरच निवडला, यात मला नवल वाटत नाही.

त्या दोघांच्याही आधी, शूबार्टचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, २३ डिसेंबरला व्हिएन्नात फ्रान्ट्स क्लेमेंटनं बीथोव्हनचा व्हायोलिन कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. पट्टी डी मेजर. सुरुवात टिंपनीनं, एकट्या टिंपनीनं: डीवर पाच सारखे ठोके. रणवाद्य तेच, पट्टी तीच, पण ठोके हलक्या हाताचे, आणि त्यांना उत्तर येतं ते लाकडी सुषिर वाद्यांच्या मृदू सुरावटीतून. पट्टीला चिकटलेला अर्थ बीथोव्हन टाकून देत नाही. तो अर्थ श्रोत्याच्या कानात आहे हे धरूनच त्याला कुजबुजायला लावतो. पुढे मूळ प्रतिपाद्य परत येतं तेव्हा हेच ठोके सगळा ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीनं वाजवतो, आणि इतका वेळ आवरून धरलेलं बळ तेव्हा कळतं. भाव पट्टीतून तयार मिळतो, या समजुतीला याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही.

पट्टीचं असं झालं, लयीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. कन्चेर्टोच्या या पहिल्या भागावर ‘अलेग्रो मा नॉन त्रोप्पो’ असं लिहिलंय: चपळ, पण फार नको. बासरीवादक क्वांट्झनं १७५२ मध्ये लयीचं माप म्हणून माणसाची नाडी घेतली होती, मिनिटाला सुमारे ऐंशी ठोके. लय मोजणारा मेट्रोनोम आल्यावर बीथोव्हननं १८१७ मध्ये आपल्या आठ सिंफनींचे आकडे छापून दिले. या कन्चेर्टोला मात्र आकडा दिला नाही. सुरुवातीची बरीच वर्षं ही रचना फारशी वाजलीच नाही. १८४४ मध्ये लंडनला मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली बारा वर्षांच्या व्हायोलिनवादक योआखिमनं ती वाजवली आणि तिचे दिवस पालटले. मग आदर वाढला आणि आदराबरोबर संथपणाही. विसाव्या शतकातल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत एकटा पहिला भाग पंचवीस मिनिटांच्या आसपास जातो. स्वर एकही बदललेला नाही, तरी चालणारं संगीत प्रार्थनेला बसल्यासारखं वाटतं.

त्या संथ वादनांतलं सौंदर्य मी नाकारत नाही. तरीही जुन्या धर्तीच्या वाद्यांवर संचालक ब्र्युखनबरोबर व्हायोलिनवादक त्सेटमाइरनं केलेलं चपळ वादन मला अधिक खरं वाटतं, आणि त्याचं कारण पहिल्या भागाच्या दहाव्या मापात (बारमध्ये) आहे. तोवर सगळं आपल्या बिलावलसारखं शुद्ध स्वरांत चाललेलं असतं. तिथे व्हायोलिनं टिंपनीचीच लय उचलतात, पण डी शार्पवर. आपल्या कानाला तो थेट कोमल रिषभ. सोबत इतर कोणताही स्वर नाही, कारण सांगितलेलं नाही. लय फार संथ असेल तर हा स्वर नुसता गूढ वाटतो. ठोक्यांत चाल असेल तर त्या चालीत पाऊल अडखळतं, आणि पुढचा सारा भाग ते अडखळणं समजून घेण्यात जातो.